तुर्भ्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिससाठी विजेट-पोर्टल: कुठलं ओपन सोर्स घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा. ऑफिस आणि गोदाम तुर्भ्याला, कंटेनरची ये-जा न्हावा शेवाकडे, लॉगिन करणारी माणसं अडीचशेच्या आसपास. मालकांना ‘पूर्वीच्या आयगूगलसारखं’ एक पान हवंय: सकाळी आल्यावर प्रत्येकाने उघडायचं आणि आपापली विजेट्स (माहितीच्या छोट्या चौकटी) हवी तशी लावून घ्यायची. एका व्हेंडरने लाइफरे या जावातल्या तयार पोर्टलचा डेमो दिलाय. आयटीतला एक जण म्हणतो, एवढं कशाला, होमार नाहीतर डॅशी असला तयार डॅशबोर्ड टाकू, दुपारपर्यंत चालू होईल. टीम तीन जणांची, पीएचपी चांगलं येतं, जावा कुणालाच येत नाही. पान मराठीत हवं. आणि शेवटचं, ड्रायव्हरनाही हेच मोबाइलवर देता येईल का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमच्यासाठी दोन्ही नकोत. पातळ सांगाडा स्वतः बांधा: मांडणीसाठी ग्रिडस्टॅक, लॉगिनसाठी कीक्लोक, साठवणीला पोस्टग्रेस. डोकं आणि वेळ लावायचा तो विजेटवर. सांगाडा आज ना उद्या बदलावा लागणारच आहे. तेव्हा विजेट्स जशीच्या तशी उचलून नेता आली पाहिजेत.

हे इतकं ठासून सांगतोय कारण या क्षेत्राचा इतिहासच तसा आहे. गूगलचं ते पान २००५ साली आलं आणि १ नोव्हेंबर २०१३ला बंद झालं. दरम्यान २००७च्या नोव्हेंबरात ओपनसोशल आलं. गॅजेट (म्हणजे विजेटच) एकदा लिहा, कुठल्याही साइटवर चालवा, अशी कल्पना. ती चालवून दाखवायला अपाचे या ओपन सोर्स संस्थेचा शिंडिग प्रकल्प होता आणि त्यावर आख्खं विजेट-पोर्टल बांधायला अपाचे रेव्ह. तुमच्या मालकांना जे हवंय ते जवळजवळ अक्षरशः रेव्हमध्ये होतं: पानं, रकाने, ओढून लावायची विजेट्स, प्रत्येकाची वेगळी मांडणी. २०१२ साली रेव्ह अपाचेचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाला आणि २०१५ साली माळ्यावर गेला. (अपाचेत बंद पडलेले प्रकल्प जिथे ठेवतात त्याला ते माळाच म्हणतात.) त्याच वर्षी शिंडिगही तिथेच गेला. अमेरिकेच्या एनएसएने घरात बांधून नंतर ओपन सोर्स केलेलं ओझोन विजेट फ्रेमवर्क होतं, त्यातही आता बराच काळ हालचाल नाही. जुने लेख वाचून ही नावं कुणी सुचवली तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

जावावाल्यांनी हा प्रश्न त्याआधीच सोडवायला घेतला होता. २००३ साली जेएसआर-१६८ आणि २००८ साली जेएसआर-२८६ ही पोर्टलेटची, म्हणजे पोर्टलमध्ये चालणाऱ्या जावातल्या विजेटची, प्रमाणं आली. पोर्टलेट एका पोर्टलमधून काढून दुसऱ्यात टाकता यावं हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात ज्या पोर्टलवर काम चालू असे त्याच्या खास सोयी माणसं वापरत गेली आणि पोर्टलेट तिथेच रुतून बसलं. लाइफरे आणि विद्यापीठांमध्ये चालणारं यूपोर्टल ही त्या काळातून टिकून आलेली दोन मोठी नावं. दोन्ही भक्कम आहेत, त्याबद्दल शंका नाही.

तुमच्या धंद्यातलं उदाहरण घ्यायचं तर विजेट म्हणजे कंटेनर आणि पोर्टल म्हणजे ट्रेलर. ट्रेलर बिघडला तर कंटेनर उचलून दुसऱ्यावर ठेवता येतो, कारण त्याच्या कोपऱ्यांची मापं ठरलेली आहेत. तशी मापं तुम्ही आधी ठरवा.

लाइफरेबद्दल. व्हेंडर खोटं काही सांगत नाहीये. कागदपत्रं, मंजुरीच्या पायऱ्या, एकाच यंत्रणेवर दहा वेगवेगळ्या साइट, बाहेरच्या ग्राहकांना लॉगिन, हे सगळं हवं असेल तर मीही लाइफरेच सुचवलं असतं. पण मग त्याच्यासोबत जावा येतं, सर्चसाठी वेगळा इलास्टिकसर्च येतो, ओएसजीआयचे (जावाचे तुकडे जोडायच्या पद्धतीचे) मॉड्यूल येतात. रात्री दहाला सर्व्हर अडकला तर लॉग वाचणारा माणूस तुमच्याकडे नाही. तरीही घ्यायचंच ठरलं तर व्हेंडरला दोन गोष्टी लेखी विचारा. तुम्ही कम्युनिटी आवृत्ती देताय की सबस्क्रिप्शनची, आणि सुरक्षेचे पॅच कोण लावणार? आमच्यासाठी लिहिलेल्या पोर्टलेटचा सोर्स आमच्या ताब्यात येणार का, आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीवर नेण्याचा खर्च कुणाचा? दुसऱ्या प्रश्नाला ‘ते तेव्हा बघू’ असं उत्तर आलं तर समजून जा.

होमार, डॅशी, होमपेज, हाइमडाल ही सगळी मंडळी वेगळ्या घराण्यातली. घरी किंवा ऑफिसात पाच-पन्नास सेवा चालवणाऱ्या माणसाला एका पानावर सगळ्यांचे दुवे आणि तब्येत दिसावी म्हणून ती बनली. होमपेजची मांडणी यॅमल (साध्या मजकुराच्या) फाइलींत असते, सगळ्यांना एकच. डॅशीत पडद्यावर केलेले बदल ब्राउझरमध्ये साठवता येतात, पण मग माणूस दुसऱ्या पीसीवर बसला की त्याची मांडणी गेली. होमारमध्ये यूजर, गट, परवानग्या आणि बाहेरचं लॉगिन जोडायची सोय आहे, त्यामुळे त्यातल्या त्यात तो जवळचा. तुमच्या आयटीच्या तिघांसाठी आजच टाका, त्यात काहीच वाईट नाही. पण हिशेब खात्यातल्या माणसाला ‘आज वसूल व्हायची बिलं’ दाखवायची असतील तर ते विजेट तुम्हालाच लिहावं लागणार, आणि ते होमारच्या पद्धतीने लिहिलं की होमारला चिकटलं.

एक अपवाद: फाइलींसाठी तुमच्याकडे नेक्स्टक्लाउड आधीच चालू असेल तर वेगळं काही बांधूच नका. २०२०च्या ऑक्टोबरात आलेल्या विसाव्या आवृत्तीपासून त्यात डॅशबोर्ड आहे, माणूस विजेट निवडू शकतो, पुढे-मागे करू शकतो, आणि नवीन विजेट पीएचपीत लिहिता येतं. ग्रफाना आलेखांसाठी उत्तम आहे, पण ऑफिसच्या माणसाला सकाळी आलेख नको असतो, यादी हवी असते.

आता मुख्य मुद्दा, विजेट कसं असावं. ई-वे बिलाचंच (माल नेताना गाडीसोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) घेऊ, कारण तुमच्याकडे सगळ्यात जास्त उघडलं जाणारं विजेट हेच असेल.

१ जानेवारी २०२१पासून साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस वैधता मिळते, आधी ती १०० किलोमीटरला होती. भाग-ब (गाडीची माहिती) पहिल्यांदा भरला की घड्याळ सुरू होतं, पण ‘दिवस’ संपतो तो दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री. म्हणजे नाशिकची गाडी, अंतर दोनशेच्या आत, भाग-ब आज दुपारी तीनला भरला, तर मुदत उद्याचा दिवस संपताना, रात्री बाराला संपणार. मुदतवाढ मिळते ती संपण्याच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत. आता गंमत बघा. मुदत नेहमी मध्यरात्रीच संपते, म्हणून ही खिडकी रोज दुपारी चार ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ अशीच उघडते. सकाळी साडेनऊला ऑफिस उघडतं तेव्हा कालची खिडकी बंद झालेली असते आणि आजची उघडायला वेळ असतो. मुदत संपलेल्या बिलावर गाडी रस्त्यात सापडली तर जीएसटी कायद्याच्या कलम १२९खाली माल आणि गाडी दोन्ही अडकतात.

म्हणजे ‘आज मुदत संपणारी बिलं: १४’ असा मोठा आकडा दाखवणारं विजेट दिसायला छान, पण कामाचं नाही. कामाचं विजेट दिवसभर शांत असतं. दुपारी चारला यादी वर येते. गाडी क्रमांक, कुठे चाललीय, शेवटची जागा, उरलेलं अंतर, आणि समोर ‘मुदतवाढ’चा दुवा. रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे तीच यादी सकाळी आठपर्यंत राहते, फक्त मध्यरात्रीनंतर लाल होते. ज्या गाड्या पोचून पावती आलीय त्या यादीतून गळतात. हे सगळं विजेटच्या सर्व्हरकडच्या बाजूला ठरतं. पोर्टलला ई-वे बिल म्हणजे काय हे कळायचीही गरज नाही.

विजेट आणि पोर्टल यांच्यातला करार मी एवढाच ठेवतो. प्रत्येक विजेटचा स्वतःचा एक पत्ता. पोर्टल तिथे माणसाचं टोकन (लॉगिनची खूण) घेऊन विचारतं, उत्तर जेसॉनमध्ये (प्रोग्रामला वाचता येणाऱ्या ठरलेल्या साच्यात) येतं: शीर्षक, ओळी, सविस्तर पानाचा दुवा, माहिती कितीला घेतली ती वेळ, पुन्हा कितीला विचारायचं, आणि हालत ताजी, शिळी की बंद. बस्स. रंग, फाँट, चौकट पोर्टलची. ज्याला खरंच वेगळा पडदा लागतो, म्हणजे नकाशावर गाड्या वगैरे, तेवढ्यासाठी आयफ्रेम, म्हणजे पानातच दुसरं पान दाखवणारी चौकट.

त्या यादीत ‘वेळ’ आहे ती कृपा करून गाळू नका. ‘१०:४०ची माहिती’ एवढं बारीक अक्षरात खाली दिसलं की निम्मे फोन कमी होतात. स्रोत बंद पडला तर रिकामी चौकट दाखवायची नाही. जुनी माहिती करड्या रंगात, तिच्या वेळेसकट दाखवायची.

माहिती आणायचं काम मागे, ठरलेल्या वेळाने. माणसाने पान उघडल्यावर नाही. टॅलीला पोर्ट ९०००वर एक्सएमएल विचारता येतं, पण त्याच मशीनवर कोणी तरी बिलं टाकत बसलेलं असतं. अडीचशे जणांनी साडेनऊला पान उघडलं आणि प्रत्येकाच्या पानावर आठ विजेट्स असली तर दोन हजार विनंत्या एकाच वेळी. त्या टॅलीपर्यंत पोचता कामा नयेत. दर दहा मिनिटांनी एकदा ओढा, पोस्टग्रेसमध्ये ठेवा, विजेट तिथून वाचेल. ई-वे बिलाचंही तसंच: जीएसपीमार्फत (जीएसटी यंत्रणेशी जोडून देणारी अधिकृत कंपनी) एपीआय घ्या आणि आपल्याकडे उतरवून ठेवा.

सरकारी किंवा बँकेची साइटच आयफ्रेममध्ये दाखवू, असं कुणी तरी सुचवेलच. बऱ्याच साइट एक्स-फ्रेम-ऑप्शन्स किंवा सीएसपी लावून आपल्याला फ्रेममध्ये उघडूच देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ज्या उघडतात त्यांचं लॉगिन टिकत नाही, कारण २०२०च्या फेब्रुवारीतल्या क्रोम ८०पासून परक्या साइटच्या फ्रेममध्ये साध्या कुकी जातच नाहीत. दुवा द्या, नवीन टॅबमध्ये उघडू दे.

मांडणी. ग्रिडस्टॅक एमआयटी परवान्याचं आहे, बारा रकान्यांची जाळी देतं, ओढणं-ताणणं सगळं तयार, आणि मांडणी जेसॉनमध्ये काढून देतं. रिअ‍ॅक्टमध्ये लिहिणार असाल तर रिअ‍ॅक्ट-ग्रिड-लेआउट. दोन्ही चालतील. खरी मेख आहे ती साठवायचं काय यात.

बहुतेक जण ते जेसॉन आख्खं उचलून माणसाच्या नावावर ठेवतात. सहा महिन्यांनी मालक म्हणतात, सगळ्यांच्या पानावर ‘फ्री डेज संपणारे कंटेनर’ हे विजेट टाका, डिटेन्शनचा (फुकटचे दिवस संपल्यावर कंटेनर ठेवल्याबद्दल लागणारा) भुर्दंड वाढलाय. तुम्ही मूळ मांडणीत टाकता आणि ज्यांनी कधी काळी एक चौकट जरी हलवली होती त्यांना ते दिसतच नाही, कारण त्यांची स्वतःची मांडणी साठवलेली आहे. म्हणून थर तीन ठेवा. सगळ्यात खाली सक्तीची विजेट्स, ती हलत नाहीत. त्यावर खात्याची मांडणी: ऑपरेशन, हिशेब, गोदाम, एचआर. त्यावर माणसाने केलेला बदल, आणि तो फक्त फरकाच्या रूपात: हे लपवलं, ते वर नेलं, हे रुंद केलं. पान उघडताना तिन्हींची बेरीज करायची. नवीन विजेट खालच्या थरात टाकलं की सगळ्यांकडे आपोआप येतं. ‘मूळ मांडणी आणा’ हे बटण ठेवा, म्हणजे फक्त वरचा थर पुसायचा.

आणखी एक, यात माणसं फसतात. पडदा अरुंद झाला की सगळं एका रकान्यात यावं असं ग्रिडस्टॅकला सांगून ठेवता येतं, आणि तेव्हाही ‘मांडणी बदलली’ अशी सूचना येऊ शकते. तुम्ही प्रत्येक सूचनेला साठवण करत असाल तर माणसाने एकदा फोनवर पान उघडलं की डेस्कटॉपची मांडणी मोडली. माणसाने ‘बदला’ दाबल्यावरच साठवायचं, आणि अरुंद पडद्यावर ते बटणच द्यायचं नाही.

खरं सांगायचं तर बहुसंख्य लोक काहीच हलवत नाहीत. पहिल्या आठवड्यात सगळे उत्साहाने ओढाताण करतात, मग विसरतात. त्यामुळे खात्याची मूळ मांडणी ठरवताना त्या खात्यातल्या जुन्या माणसाशेजारी बसा आणि तो सकाळचा पहिला तास काय-काय उघडतो ते बघा. मॅनेजरला विचारून ठरवलेली मांडणी मॅनेजरलाच आवडते.

सुरक्षेत तीन गोष्टींवर मी अडून बसेन. विजेट लपवणं म्हणजे परवानगी नाकारणं नव्हे. पगाराच्या विजेटचा पत्ता कुणी थेट ब्राउझरमध्ये टाकला तर विजेटच्या सर्व्हरने टोकन तपासून नाही म्हटलं पाहिजे. २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे तो आहेच, पण त्याआधी ऑफिसातलं वातावरण बिघडतं. दुसरं, आयफ्रेमला सँडबॉक्स (आतल्या पानाला बांधून ठेवणारं बंधन) लावा, पण आपल्याच डोमेनवरच्या पानाला स्क्रिप्ट चालवायची आणि मूळ डोमेनची अशा दोन्ही सवलती एकदम देऊ नका. तसं केलं की आतलं पान स्वतःचा सँडबॉक्स स्वतःच काढून टाकू शकतं. तिसरं, ‘कुठलाही आरएसएस (बातम्यांच्या फीडचा) पत्ता टाका’ असलं विजेट सगळ्यांना देऊ नका. तुमचा सर्व्हर तो पत्ता उघडणार, आणि कुणी आतल्या नेटवर्कचा पत्ता टाकला तर तोही उघडून दाखवणार. पत्त्यांची ठरलेली यादी ठेवा, त्यातून निवडू दे.

कीक्लोकबद्दल फार लिहित नाही. तो जावात आहे खरा, पण तयार डॉकर कंटेनरमध्ये (सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरच्या, तुमच्या मालाच्या नव्हे) चालवायचा असतो, त्यात कोड लिहायचा नसतो. त्यात खात्यांचे गट करा आणि तेच गट मांडणीच्या दुसऱ्या थराला वापरा. माणूस गोदामातून हिशेबात गेला की एचआरने गट बदलला, पान बदललं.

मराठी. मुंबईच्याच एक टाइपचा मुक्ता फाँट खुल्या परवान्यावर मिळतो, छोट्या आकारात छान वाचता येतो, आणि त्याची जाड-बारीक रूपंही भरपूर आहेत. इंग्रजीसाठी ठरवलेली ओळींची उंची तशीच ठेवलीत तर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात. दीडपटीच्या वर जा. विजेटचं शीर्षक एका ओळीत कोंबून पुढे तीन टिंबं टाकायची सवय मराठीत महाग पडते, शब्द लांब असतात. दोन ओळींची जागा सोडा. अंकांचं आधी ठरवून घ्या: ब्राउझरला तारखा-आकडे मराठीत मांडायला सांगितलं की तो आपोआप देवनागरी अंक काढतो. तारखेला ते शोभतं, पण गाडीचा नंबर आणि कंटेनरचा नंबर मूळ दस्तऐवजात असतो तसाच दिसला पाहिजे, नाहीतर गेटवरचा माणूस जुळवताना वैतागेल. नावांची यादी अकारविल्हे लावायला पोस्टग्रेसमध्ये आयसीयूचं मराठी कोलेशन (अक्षरक्रमाचे तयार नियम) वापरा. आणि ‘डिलिव्हरी ऑर्डर’, ‘गेट-इन’, ‘फ्री डेज’ याचं मराठीकरण करत बसू नका. यार्डात जे बोलतात तेच लिहा.

कामाचा क्रम असा धरा. आधी ई-वे बिलाचं विजेट, तेही पोर्टलशिवाय, साध्या एका पानावर. ते ऑपरेशनच्या माणसांनी आठवडाभर वापरलं की करारात काय कमी पडतं ते कळतं. मग फ्री डेज, मग हिशेबाचं थकबाकीचं. तीन विजेट्स चालू झाल्यावर सांगाडा बांधायला घ्या. दोन माणसं बसली तर दोन-तीन महिन्यांत पहिला भाग वापरायला मिळायला हरकत नाही. ओढून लावायची सोय सगळ्यात शेवटी. मालकांना डेमोत तीच आधी बघायची असेल, तर दाखवा, पण चालू करू नका.

राहिला ड्रायव्हरचा प्रश्न. त्यांना पोर्टल देऊ नका. कळंबोलीच्या पुढे घाटात नेटवर्क तुटत असताना, एका हातात चहा धरून लॉगिन करून विजेट शोधायची कुणाला हौस नसते. त्याला गाडीच्या नंबरावर बांधलेला एक दुवा एसएमएसने जाऊ दे. उघडल्यावर तीनच ओळी: ई-वे बिल कधीपर्यंत, माल कुठे उतरवायचा, ऑफिसचा नंबर. ट्रिप संपली की दुवा बंद. तो मजकूरही त्याच ई-वे विजेटच्या पत्त्यावरून, त्याच जेसॉनमधून येईल. त्यासाठी लागेल ते फक्त एक छोटं पान.